गेलेले आटे आणि त्यांचा इतिहास

मोटारीच्या इंजिनाचा एखादा बोल्ट आवळताना पाना अचानक हलका होतो. बोल्ट फिरतच राहतो, पण घट्ट होत नाही. मेस्त्री पाना खाली ठेवतो आणि म्हणतो, "आटे गेले." नागपूरकडे हेच "चुडी गेली" असे ऐकायला मिळते. बोल्ट पाच-दहा रुपयांचा असतो, तो नवा मिळतो. पण आटे गेले असतात ते बोल्टाचे नव्हे, इंजिनाच्या ब्लॉकचे! ज्या ओतीव तुकड्यात सगळे सिलिंडर बसलेले असतात, त्यातील एका भोकाच्या भिंतीवरची मिलिमीटरभर उंचीची मळसूत्री कड खरवडून निघालेली असते. एवढ्याशा धातूपायी पूर्ण ब्लॉक भंगारात काढायचा काय?

या प्रश्नाचे उत्तर "नाही" असे आहे, आणि ते कसे शोधले गेले हा तंत्रज्ञानाच्या इतिहासातील एक वेधक भाग आहे. मात्र त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा. आटे मुळात जातात कशामुळे? घाई, गंज, प्रमाणाबाहेर आवळणे ही कारणे खरीच आहेत. पण आपल्या देशात आणखी एक कारण दीर्घकाळ होते, ते म्हणजे चुकीच्या भोकात चुकीचा बोल्ट. ही चूक एखाद्या मेस्त्रीच्या निष्काळजीपणाची नव्हती. तिची मुळे लंडन, फिलाडेल्फिया आणि झुरिच येथे घेतलेल्या निर्णयांत आहेत.

एक कारखाना, एक आटा

मळसूत्र ही कल्पना प्राचीन आहे. तेल गाळण्याचे आणि द्राक्षे पिळण्याचे लाकडी मळसूत्री दाब रोमन काळातही वापरात होते. धातूचे मळसूत्र अचूकपणे आणि पुन्हापुन्हा तसेच कापता येऊ लागले ते मात्र १८०० च्या सुमारास. हेन्री मॉड्सले या इंग्रज कारागिराने आटे कापणारा लेथ त्या काळात सिद्ध केला. त्यानंतर आटे उत्तम निघू लागले, पण प्रत्येक कारखान्याचे वेगळे! एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात जात नसे. यंत्र बिघडले की ते जिथे बनले तिथेच न्यावे लागे.

मॉड्सलेच्या कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने हा गोंधळ संपवण्याचे मनावर घेतले. त्याने इंग्लंडमधील अनेक कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, ते मोजले आणि त्यांची सरासरी काढली. आट्याच्या दोन बाजूंमधील कोन ५५ अंश, शिखर आणि तळ गोलसर, आणि प्रत्येक व्यासाला इंचात ठरावीक आटे, अशी पद्धत त्याने १८४१ साली लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सपुढे मांडली. लक्षात घ्या, ५५ अंश हा कोन कोणत्याही सिद्धान्तातून आलेला नाही. तो त्या काळच्या कारागिरांच्या सवयींची सरासरी आहे!

रेल्वेने ही पद्धत उचलली आणि रेल्वेबरोबरच ती भारतात आली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ साली नागपूरला पोहोचली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. तिची यंत्रे इंग्लंडहून आली होती. पुढे मोतीबागेत नॅरोगेज रेल्वेचा कारखाना उभा राहिला. इंजिने, कातणयंत्रे, पाण्याचे नळ ही सारी विलायती आणि इंचातली होती. नागपूरच्या फिटर-टर्नरांच्या कित्येक पिढ्या अशा यंत्रांवर शिकल्या आणि इंचाचे माप त्यांच्या हातात बसले.

या मापाला आपल्या लोकांनी आपली भाषाही दिली. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे 'सूत'. तीन सूत म्हणजे तीन-अष्टमांश इंच, चार सूत म्हणजे अर्धा इंच, अडीच सूत म्हणजे पाच-सोळांश इंच. हार्डवेअरच्या दुकानात आजही 'तीन सुताचा बोल्ट' मागितला जातो. अपूर्णांकांना घाबरणारा आपला विद्यार्थी आणि पाच-सोळांशाला सहज 'अडीच सूत' म्हणणारा त्याचा मोटार-मेस्त्री काका, यांच्यात गणिताने कोण पुढे आहे, हे शिक्षकांनीच ठरवावे.

साठ अंशांचा आग्रह

इकडे अमेरिकेत विल्यम सेलर्स नावाच्या यंत्रनिर्मात्याने १८६४ साली फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये वेगळी पद्धत मांडली. कोन ६० अंश, शिखर आणि तळ सपाट. त्याचा युक्तिवाद सरळ होता. व्हिटवर्थचा गोलसर आटा बनवायला कुशल कारागीर आणि खास हत्यारे लागतात. साठ अंशांचा कोन म्हणजे समभुज त्रिकोणाचा कोन, तो तपासणे सोपे असते. सपाट शिखरही कोणत्याही कारखान्यातील साध्या कामगाराला करता येते. भूमितीच्या तासाला कंपासने ६० अंशांचा कोन दोन कंसांत काढता येतो, पण ५५ अंशांचा कंपास-पट्टीने काढताच येत नाही. हे ज्याला माहीत आहे, त्याला सेलर्सचे म्हणणे लगेच पटेल.

युरोप खंडात मेट्रिक पद्धत होती. तेथेही अनेक प्रकारचे आटे होते. १८९८ साली झुरिच येथील परिषदेत मेट्रिक आट्यांची एक आंतरराष्ट्रीय पद्धत मान्य झाली. कोन ६० अंशांचा, पण व्यास आणि पिच मिलिमीटरमध्ये. पिच म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधील अंतर. बोल्ट एक फेरा फिरला की तितका आत जातो.

अशा रीतीने विसाव्या शतकाच्या प्रारंभी जगात तीन मोठी घराणी झाली: ब्रिटिश, अमेरिकन आणि मेट्रिक. शांततेच्या काळात ती आपापल्या मुलखात सुखाने नांदली. दुसऱ्या महायुद्धात मात्र किंमत मोजावी लागली. रोल्स-रॉइसचे 'मर्लिन' हे विमानाचे इंजिन अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने बनवावे असे १९४० साली ठरले. इंजिन ब्रिटिश, आटे ब्रिटिश. ते कापणारी हत्यारे अमेरिकेत मिळेनात. पॅकार्डला ती स्वतः तयार करावी लागली, कारण इंग्लंडमधील विमानतळावरच्या मेकॅनिकच्या हातात ब्रिटिश पाने होते. या अनुभवानंतर १८ नोव्हेंबर १९४८ रोजी वॉशिंग्टन येथे अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी 'युनिफाइड' आट्यांचा करार केला. ब्रिटनने आपला ५५ अंशांचा आग्रह सोडला आणि ६० अंश मान्य केले. माप मात्र इंचच राहिले.

तिन्ही घराणी एका गॅरेजात

नेमक्या याच सुमारास भारत स्वतंत्र झाला होता आणि आपला मोटार उद्योग उभा राहत होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. मुंबईत कुर्ला येथे तिचा कारखाना होता. प्रारंभी तेथे अमेरिकन डॉज आणि प्लिमथ गाड्या जुळवल्या गेल्या, आणि १९५० च्या दशकापासून इटलीच्या फियाट. ही फियाटच पुढे 'पद्मिनी' झाली. महिंद्रांनी मुंबईत अमेरिकन विलीज जीप जुळवायला घेतली. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सने ब्रिटनच्या मॉरिसवरून गाड्या काढल्या. १९५० च्या दशकाच्या अखेरीस आलेली अँबेसिडर हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध अपत्य.

म्हणजे फियाट आली ती मेट्रिक आटे घेऊन, जीप अमेरिकन इंची आटे घेऊन आणि अँबेसिडर ब्रिटनने नुकत्याच स्वीकारलेल्या युनिफाइड आट्यांसह. अँबेसिडरच्या आधीच्या मॉरिस इंजिनांत तर त्याहून मोठी गंमत होती. मॉरिसने १९२३ साली कॉव्हेंट्री येथील हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कारखाना विकत घेतला होता. तेथील यंत्रे मेट्रिक आटे पाडणारी होती. ती बदलणे महाग, म्हणून आटे मेट्रिकच ठेवले. पण ब्रिटिश मेकॅनिकचे पाने लागावेत म्हणून बोल्टांची डोकी व्हिटवर्थ मापाची केली. डोके इंग्रज आणि पाय फ्रेंच! पाना इंचाचा लागतो म्हणून इंचाचा बोल्ट घालणाऱ्या कारागिराची येथे फसगत होणार हे उघड आहे.

हाच प्रकार सार्वजनिक वाहतुकीत झाला. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. त्या काळच्या ताफ्यात शेव्हरोले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट इतक्या बनावटींच्या गाड्या होत्या. अमेरिका, ब्रिटन, इटली, सारे एकाच आगारात. पुढे राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भातील सरकारी बससेवाही त्यात आली आणि १९६१ साली सध्याचे महामंडळ अस्तित्वात आले. दापोडी, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) आणि नागपूरजवळ हिंगणा अशा तीन ठिकाणी त्याच्या मध्यवर्ती कार्यशाळा झाल्या. दरम्यान ताफा मुख्यतः टाटा आणि लेलँड या दोन बनावटींवर येऊन ठेपला. सुटे भाग, हत्यारे आणि प्रशिक्षण यांचा विचार केला तर हा मोठाच लाभ होता.

नागपूरच्या खासगी गॅरेजांना अशी निवड करता येत नव्हती. देशाचे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम जाणारे दोन मोठे महामार्ग येथे एकमेकांना छेदतात. पूर्वी त्यांचे क्रमांक ६ आणि ७ होते, आता ते ५३ आणि ४४ आहेत. कोणत्याही दिशेची, कोणत्याही बनावटीची गाडी येथे येऊन बंद पडू शकते. मेस्त्री ती परत पाठवत नाही. त्याच्या डब्यात सर्व प्रकारचे बोल्ट एकत्र असतात आणि रात्री अकरा वाजता कंदिलाच्या किंवा बल्बच्या उजेडात त्यातला एक उचलावा लागतो.

आता हिशेब पाहा. अडीच सुताचा बोल्ट ७.९४ मिलिमीटर जाडीचा असतो. मेट्रिक आठचा बोल्ट ८ मिलिमीटरचा. डोळ्याला फरक कळणे अशक्य. पण अमेरिकन जाड आट्यात अडीच सुती बोल्टाला इंचात १८ आटे, म्हणजे पिच १.४१ मिलिमीटर. मेट्रिक आठची पिच १.२५ मिलिमीटर. प्रत्येक फेऱ्यात ०.१६ मिलिमीटरचा फरक साठत जातो. चार फेऱ्यांत तो ०.६४ मिलिमीटर, म्हणजे पिचच्या निम्मा होतो. बोल्टाचे शिखर भोकातील शिखरासमोर येते. हाताने फिरवलेला बोल्ट दोन-तीन फेऱ्यांत अडतो. तेथे थांबले तर काही बिघडत नाही. पण 'गंज असेल' असे समजून लांब पाना लावला, तर कठीण पोलादाचा बोल्ट मऊ ब्लॉकमध्ये स्वतःचे नवे आटे कापत जातो आणि जुने नष्ट करतो.

तीन सुती बोल्ट मेट्रिक दहाच्या भोकात घातला तर दगा आणखी गोड असतो. जाडी ९.५३ मिलिमीटर, पिच १.५९ विरुद्ध १.५. तो सैलसर असल्यामुळे बराच आत जातो. पण आट्यांची एकमेकांतील पकड मुळाच्या सुमारे ७० टक्केच राहते. गाडी निघते आणि आटे पुढे वाटेत कुठेतरी जातात. ते भोक बॉनेटचे असेल तर खडखडाट होईल. ब्रेकचे किंवा सुकाणूचे असेल तर काय होईल, हे सांगायला नको.

पहिला आटा सर्वांत दुर्दैवी

दुरुस्ती समजण्यासाठी आटे काय काम करतात हे पाहू. मळसूत्र म्हणजे दंडगोलाभोवती गुंडाळलेला उतार. मेट्रिक दहाच्या बोल्टाचा हा उतार जेमतेम ३ अंशांचा असतो. घर्षणामुळे इतक्या कमी उतारावरून बोल्ट आपोआप मागे घसरत नाही, म्हणूनच तो धरून ठेवतो. बोल्ट आवळताना आपण लावलेल्या जोरातील सुमारे ९० टक्के भाग डोक्याखालच्या आणि आट्यांमधील घर्षणात जातो. उरलेल्या १० टक्क्यांनी बोल्ट ताणला जातो. तरीही हा ताण थोडाथोडका नसतो. चांगल्या पोलादाचा दहा मिलिमीटरचा बोल्ट नीट आवळला तर त्यात सुमारे अडीच टन वजनाइतका ताण असतो.

एवढा ताण लागतो तरी कशाला? पद्मिनीच्या इंजिनाचे उदाहरण घेऊ. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ३६ चौरस सेंटिमीटर. इंधन पेटल्यावर दाब वातावरणाच्या चाळीस-पन्नास पट होतो असे धरले, तर सिलिंडरच्या झाकणावर, म्हणजे हेडवर, दीड टनाहून अधिक बल पडते. इंजिन मिनिटाला ४००० फेरे फिरत असेल तर हा तडाखा प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला ३३ वेळा बसतो. हेड जागेवर राहते ते बोल्टांच्या ताणामुळे, आणि बोल्ट टिकतात ते ब्लॉकमधील आट्यांमुळे.

हा भार सगळ्या आट्यांवर सारखा वाटला जात नाही. बोल्ट ताणला जातो, त्याच्या भोवतीचा धातू दाबला जातो, त्यामुळे तोंडाजवळचा पहिला आटा सर्वाधिक भार घेतो. गुडियर यांनी १९४० साली आणि सॉपविथ यांनी १९४८ साली याचा सखोल अभ्यास केला. सर्वसाधारण नट-बोल्टात पहिला आटा एकट्याने सुमारे एक-तृतीयांश भार उचलतो. तो तुटला की भार दुसऱ्यावर जातो, मग तिसऱ्यावर. म्हणून आटे एकेक करून महिनाभरात जात नाहीत, एका झटक्यात जातात. पाना 'अचानक' हलका होतो, त्याचे कारण हेच.

म्हणून रचनाकार एक नियम पाळतात: आटे जाण्याऐवजी बोल्ट तुटावा. तुटलेला बोल्ट दिसतो, बदलता येतो. त्यासाठी भोक पुरेसे खोल हवे. पोलादात बोल्टाच्या जाडीइतके, बिडात त्याच्या सव्वा ते दीडपट आणि ॲल्युमिनियमात दीड ते दुप्पट, असा साधारण ठोकताळा आहे. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा मऊ तर असतेच, शिवाय तापल्यावर ते जवळपास दुप्पट प्रसरण पावते. पोलादी बोल्ट तितका लांबत नाही, म्हणून तापलेल्या इंजिनात आट्यांवरचा भार वाढतो. फियाटचा ब्लॉक बिडाचा, पण हेड ॲल्युमिनियमचे. त्यामुळे स्पार्क प्लगच्या भोकाचे आटे जाणे हा नेहमीचा अनुभव होता. गरम हेडमधून घाईने प्लग काढू नये, हा जुन्या मेस्त्रींचा नियम शास्त्राला धरूनच आहे. ॲल्युमिनियमाच्या अभ्यासासाठी नागपूरजवळ वाडी येथे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, आणि त्याच वाडीत ट्रक दुरुस्तीची गॅरेजेही आहेत, हा योगायोग विद्यार्थ्यांना सांगण्याजोगा आहे.

दुरुस्तीच्या चार वाटा

पहिली वाट सर्वांत साधी. आटे फक्त घाण झाले असतील किंवा किंचित दबले असतील, तर योग्य मापाचा टॅप हलकेच फिरवून ते साफ करतात. भोकातील तेल-पाणी काढणे येथे फार महत्त्वाचे. तळ बंद असलेल्या भोकात तेल साठले आणि वरून बोल्ट आवळला, तर द्रव दाबला जात नाही. पास्कलच्या नियमाप्रमाणे तो दाब चहूकडे जातो आणि बिडाचा ब्लॉक तडकू शकतो.

दुसरी वाट म्हणजे भोक मोठे करून पुढच्या मापाचे आटे पाडणे. पण मग बोल्ट जाड होतो आणि हेडच्या भोकातून जात नाही. यावर कारागिरांनी पायरीचा स्टड वापरला. त्याचा ब्लॉकमधला भाग जाड, वरचा मूळ मापाचा. असा स्टड लेथवर बनवून घ्यावा लागतो.

येथे लेथची एक सुरस गोष्ट सांगायला हवी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली आणि १९४१ साली हरिहर येथे सुरू झालेल्या म्हैसूर किर्लोस्करने देशी लेथ बनवले. आपल्याकडील जुन्या लेथांचे मुख्य मळसूत्र बहुधा इंचात असे. त्यावर मेट्रिक आटे कसे कापायचे? एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. याची पाच पट केली की १२७ ही पूर्ण संख्या मिळते. म्हणून १२७ दात्यांचे एक चक्र मध्ये बसवले की इंचाचा लेथ मिलिमीटर बोलू लागतो. १२७ ही मूळ संख्या आहे, तिला त्याहून लहान चक्रांत तोडता येत नाही. त्यामुळे हे मोठे चक्र टाळून अचूक मेट्रिक आटा निघत नाही. मूळ संख्यांचा उपयोग काय, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला लेथच्या दुकानात न्यावे!

तिसरी वाट बुशाची. भोक बरेच मोठे करून त्यात बाहेरून आटे असलेला धातूचा बुश घट्ट बसवतात आणि बुशाच्या आत मूळ मापाचे आटे पाडतात. मूळ बोल्ट पुन्हा चालतो. अट एवढीच की भोकाभोवती पुरेसा धातू हवा आणि शेजारी पाण्याची वाट नको.

चौथी वाट तारेची. १९३० च्या दशकात अमेरिकेत ही कल्पना पुढे आली आणि महायुद्धकाळात हलक्या धातूंच्या विमान-इंजिनांत ती रुजली. 'हेली-कॉइल' या व्यापारी नावानेच ती अनेकांना माहीत आहे. समभुज चौकोनी छेदाची, न गंजणाऱ्या पोलादाची तार स्प्रिंगसारखी वळवलेली असते. तिची बाहेरची धार ब्लॉकमध्ये पाडलेल्या नव्या, मोठ्या आट्यांत बसते आणि आतली धार मूळ मापाचे आटे तयार करते. मेट्रिक दहासाठी सुमारे १०.४ मिलिमीटरचे भोक पाडतात आणि खास टॅपने बाहेरचे आटे जवळपास १२ मिलिमीटरपर्यंत नेतात. भोकाचा व्यास फारसा वाढत नाही, पण ब्लॉकचा धातू आता १० ऐवजी १२ मिलिमीटर व्यासावर भार घेतो. म्हणजे पकडीचे क्षेत्र सुमारे २० टक्के वाढले. शिवाय तार किंचित लवचीक असल्याने भार अधिक आट्यांवर वाटला जातो. त्यामुळे नीट केलेली दुरुस्ती मूळ आट्यांहून मजबूत असू शकते. म्हणूनच काही रचनाकार नव्या ॲल्युमिनियम भागांतही सुरुवातीपासून अशी तार घालतात.

वेल्डिंगने भोक भरून नवे आटे पाडावेत, असे कोणी सुचवेल. ॲल्युमिनियमात कुशल हाताला ते जमते. बिडात मात्र तीन टक्क्यांहून अधिक कार्बन असतो. वेल्डिंगनंतर लगतचा भाग झपाट्याने थंड झाला की तो काचेसारखा कठीण आणि ठिसूळ होतो, मग तडे जातात. आट्यांवर दोरा गुंडाळणे किंवा पत्र्याची पट्टी घालणे हा प्रकारही चालतो. त्याने बोल्ट अडकतो, धरत नाही. अडकणे आणि धरणे यांतील फरक म्हणजेच वर सांगितलेला अडीच टनांचा ताण.

प्रमाण म्हणजे विश्वास

६ जानेवारी १९४७ रोजी भारतीय मानक संस्था स्थापन झाली. तिचेच पुढे, १ एप्रिल १९८७ पासून, भारतीय मानक ब्यूरो झाले. आंतरराष्ट्रीय मानक संघटनाही १९४७ चीच. भारत तिचा संस्थापक सदस्य आहे आणि तिची क्रमांक एकची तांत्रिक समिती आहे मळसूत्राच्या आट्यांची! १९५६ च्या कायद्याने आपण मेट्रिक पद्धत स्वीकारली आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने अमलात आली. आट्यांसाठी आयएस ४२१८ हे मानक आले.

पण लोखंडात कापलेली माणसाची सवय कायद्याने लगेच पुसली जात नाही. महिंद्रांच्या जीपमध्ये पुढे प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या रचनेचे मेट्रिक डिझेल इंजिन आले. अँबेसिडरमध्ये १९९० च्या दशकात जपानी इसुझूचे इंजिन आले. म्हणजे सांगाडा इंचाचा आणि हृदय मिलिमीटरचे. एकाच गाडीला दोन पाने-संच लागत. आज नव्या गाड्या जवळपास संपूर्ण मेट्रिक आहेत. तरी सायकलच्या पेडलचा आटा अजून नऊ-सोळांश इंचाचा आहे आणि शाळेच्या नळाच्या जोडात व्हिटवर्थचा ५५ अंशांचा कोन अजून नांदतो आहे.

या साऱ्या संक्रमणाचा भार कोणी उचलला? परिषदांत ठराव झाले, कंपन्यांनी परवाने बदलले, सरकारने कायदा केला. पण तीन घराण्यांचे आटे बोटांनी ओळखायचे, चुकीचा बोल्ट दुसऱ्या फेऱ्यालाच थांबवायचा आणि गेलेले भोक पुन्हा उभे करायचे, हे काम गॅरेजातील माणसांनी केले. त्यातील बहुतेकांनी ते कोणत्याही पुस्तकाशिवाय केले. आमच्या मते हे ज्ञान शाळेच्या विज्ञानाहून कमी प्रतीचे नाही. त्यात मापन आहे, घर्षण आहे, धातुशास्त्र आहे आणि चुकीची किंमत मोजावी लागेल याची जाणीव आहे. ते लिहून ठेवले गेले नाही, इतकाच त्याचा दोष. दुरुस्तीऐवजी संपूर्ण भाग बदलण्याकडे जग झुकत असताना, हे जाणणारी पिढी निवृत्त होण्याआधी त्यांच्याशी बोलणे हे चांगल्या शाळाप्रकल्पाचे काम आहे.

वर्गात करून पाहा

१. कागदाचा काटकोन त्रिकोण कापून पेन्सिलीभोवती गुंडाळा. कर्णाची कड मळसूत्र बनते. त्रिकोणाचा पाया तोच ठेवून उंची वाढवा आणि आट्यांतील अंतर कसे बदलते ते नोंदवा.

२. भंगारातील दहा-बारा बोल्ट आणा. पट्टी ठेवून दहा आट्यांची लांबी मोजा आणि दहाने भागा. मग २५.४ ला त्या पिचने भागा. उत्तर १६, १८, २० अशा पूर्ण संख्येच्या जवळ आले, तर बोल्ट बहुधा इंचाचा. पिचच १, १.२५, १.५ अशी आली, तर मेट्रिक.

३. दोन बोल्टांचे आटे एकमेकांत बसवून उजेडासमोर धरा. पिच सारखी असेल तर मधून प्रकाश दिसणार नाही. वेगळी असेल तर दिसेल. मेस्त्री हीच चाचणी करतात.

४. एखाद्या नवशिक्याला नट-बोल्ट देऊन सांगा: "पहिले तीन फेरे फक्त बोटांनी." बोटांनी न जाणारा बोल्ट पान्याने घालायचा नाही. आटे वाचवण्याचा याहून स्वस्त उपाय अजून निघालेला नाही.